तांदळाच्या डब्याखालची वही

"माळी," मी म्हणालो आणि रिमोटचं बटण दाबून चित्र थांबवलं. "शंभर टक्के माळी. लिहून ठेव."

पडद्यावर काचेच्या घरात, टोमॅटोच्या रोपांमध्ये, एक पाद्री पालथा पडला होता. दाराशी माळी टोपी हातात धरून उभा होता. पाद्र्याची बहीण रुमालानं डोळे टिपत होती. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला माझी बायको मटार सोलत होती.

"बहीण," ती म्हणाली.

"का?"

"भाऊ मरून पडलाय आणि बाईनं हातमोजे काढले नाहीत."

"अगं, थंडी असते तिकडे."

"काचेच्या घरात? टोमॅटो लागलेत की."

मी चित्र पुढं चालू केलं. तासाभरानं बहिणीनं सगळं कबूल केलं आणि लांब कोटातला इन्स्पेक्टर तिला गाडीत बसवून घेऊन गेला. माळी बिचारा गुलाब छाटत राहिला. शरयू मटारांची सालं गोळा करून आत गेली. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर कधी दिसायचा नाही, आणि मला तेच जास्त झोंबायचं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हा मला निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. मिरजेच्या एका हायस्कुलात तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे इंग्रजी म्हणजे आपलीच जहागीर अशी माझी समजूत होती. पुण्याची लेक, वृंदा, पेन ड्राइव्हवर विलायती गुप्तहेरांच्या मालिका भरून पाठवायची. चारचा चहा झाला की आम्ही दोघं टीव्हीसमोर बसायचो. आता खरं सांगायचं तर जहागिरीचं पितळ पहिल्याच दिवशी उघडं पडलं. ती गोरी माणसं अर्धा शब्द बोलतात आणि अर्धा चहाबरोबर गिळतात. मला एक वाक्य कळेना. मग वृंदानं फोनवर सांगितलं की खाली अक्षरं आणता येतात. त्या अक्षरांवर माझी अब्रू वाचली. दर दोन मिनिटांनी मी चित्र थांबवायचो आणि शरयूला भाषांतर करून सांगायचो, पंतोजीच्या थाटात.

शरयू अथणीची. माहेरी मराठी बोलत, पण शाळा कानडी, तीही सातवीपर्यंत. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी अक्षर वाचता येत नव्हतं. सहा महिन्यांनी ती भिंतीवरच्या कॅलेंडरातले सणवार मला वाचून दाखवायला लागली. हे ती कशी शिकली, कुणाकडून शिकली, मी विचारलं नाही. मास्तर माणूस, घरातल्या विद्यार्थ्याकडं लक्ष कशाला देईल!

तर, इंग्रजीचा गंध नसलेली ही बाई पहिल्या वीस मिनिटांत खुनी सांगायची आणि इंग्रजीचे तास घेतलेला मी दरवेळी तोंडावर पडायचो. कधी माळी, कधी बटलर, एकदा तर मी घोड्याच्या डॉक्टरवर पैज लावली होती, तो पुढच्या दृश्यात स्वतःच मेला.

फेब्रुवारीत गाडं बिघडलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी अडीचला शरयू कापडी पिशवी घेऊन बाहेर पडायला लागली.

"कुठं?"

"भजनी मंडळात."

पावणेचारला परत यायची. पहिल्या आठवड्यात मी काही म्हणालो नाही. दुसऱ्या आठवड्यात माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. भजनी मंडळातून येणाऱ्या बाईच्या हातात प्रसाद असतो, निदान बोटाला बुक्का असतो. हिच्या बोटाला शाई होती. स्वयंपाकघरात ती गॅसपाशी उभी राहून काहीतरी पुटपुटायची, मी आत गेलो की गप्प व्हायची. आणि चहा. छत्तीस वर्षं जो चहा एका चवीचा होता, तो कडू यायला लागला.

सगळ्यात मोठी गोष्ट टीव्हीसमोर घडली. मी चित्र थांबवून म्हणालो, "सेक्रेटरी." आणि तिच्याकडं बघितलं.

"काय की," ती म्हणाली. "मलाही सेक्रेटरीच वाटतोय."

खुनी निघाला डॉक्टर. पुढच्या वेळी तसंच, त्याच्या पुढच्या वेळी तसंच. आता दोघंही चुकत होतो, पण बरोबरीनं. खोटं कशाला बोलू, पहिले दोनतीन दिवस मला आनंदच झाला. जेवताना एक भाकरी जास्त गेली. मग मात्र मनात पाल चुकचुकली. हिचं लक्ष नाही. हिचं लक्ष दुसरीकडं कुठंतरी आहे.

तिच्या भावानं अथणीला नवीन घर बांधलं होतं. वरचा मजला रिकामा होता. "अक्का, ये की राहायला, महिना दोन महिने," असं तो दर फोनला म्हणायचा, आणि हल्ली फोन आला की ती आतल्या खोलीत जायची. मी धागा जुळवला. ही चालली. आता हसू येतं, पण तेव्हा ते मला सोळा आणे खरं वाटलं होतं. ती नसली तर साखरेचा डबा मला सापडणार नव्हता, हे तर झालंच. पण चार वाजता त्या सोफ्यावर एकट्यानं बसायचं, हे मला डोळ्यांसमोर आणवेना. मी भित्रा माणूस आहे. तिला सरळ विचारलं असतं तर ती 'हो' म्हणाली असती, या भीतीनं मी विचारलं नाही. त्यापेक्षा पाळत ठेवणं बरं वाटलं.

विलायतेत पाळत ठेवणं सोपं दिसतं. कोटाची कॉलर वर करायची, वर्तमानपत्राला भोक पाडायचं. मी जावयानं दिलेली टोपी घातली, काळा चष्मा लावला आणि शुक्रवारी अडीचला तिच्यामागून पन्नास पावलांवर निघालो. कोपऱ्यावर पानवाला उठून उभा राहिला. "नमस्कार सर!" त्याची दहावीची इंग्रजीची परीक्षा मी दोनदा घेतली होती. मी हात हलवून पुढं सरकलो. बँकेच्या दारात रखवालदार, "सर, तब्येत बरी ना? डोळे आलेत काय?" सायकलच्या दुकानातून दोघं. मेडिकलमधून एक. तेहतीस वर्षांत मी निम्मं मिरज शिकवून ठेवलं होतं आणि ते सगळं त्या दिवशी रस्त्यावर होतं. शेवटी एक रिक्षा शेजारी येऊन थांबली.

"सर, वैनी त्या काय पुढं चालल्यात," रिक्षावाला खणखणीत आवाजात म्हणाला. "बसा, सोडतो त्यांच्याजवळ!"

पन्नास पावलांवर शरयू थांबली. वळून तिनं माझ्याकडं बघितलं. टोपी, चष्मा, सगळं बघितलं.

"औषध आणायला निघालोय," मी म्हणालो.

"मेडिकल मागं राहिलं," ती म्हणाली आणि चालायला लागली.

मग मी घराची झडती घ्यायचं ठरवलं. शनिवारी सकाळी ती बाजारात गेली तेव्हा कपाट, गाद्या, देव्हाऱ्याचा खण, सगळं उचकलं. विलायतेत गुपितं लिहायच्या टेबलात सापडतात. आमच्याकडं लिहायचं टेबल माझं होतं आणि त्यात वीजबिलं होती. बायकोची गुपितं कुठं असणार, याचा विचार करायला मला तासभर लागला. तांदळाच्या मोठ्या डब्याखाली हात घातला आणि वही लागली. चाळीस पानी, निळ्या पुठ्ठ्याची.

आत सगळं कानडीत होतं.

छत्तीस वर्षांचा संसार, आणि बायकोच्या शाळेतलं एक अक्षर मला येत नव्हतं. ओळींखाली ओळी, जिलब्या घातल्यासारख्या. मी वही सदऱ्याच्या आत घातली आणि तिसऱ्या घरातल्या मुजावर हवालदारांकडं गेलो.

इब्राहिम मुजावर पस्तीस वर्षं पोलिसात काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. त्यातली सहा वर्षं जतच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या चौकीत गेली, त्यामुळे कानडी वाचायचे. एकदा ते आमच्याबरोबर मालिका बघायला बसले होते. अर्ध्या तासात उठले. "ह्यांचा इन्स्पेक्टर पंच बोलवत न्हाई, पंचनामा करत न्हाई," म्हणाले. "कोर्टात एक केस टिकायची न्हाई."

त्यांनी वही घेतली, चष्मा नाकावर सरकवला, पहिलं पान बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"कुठं मिळाली?"

"तांदळाच्या डब्याखाली."

"वहिनींना इचारलंसा?"

"विचारायचं असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

"हं." त्यांनी मधलं एक पान उघडलं. "वाचू?"

"वाचा."

"ग्लव्हज," ते वाचायला लागले. "विटनेस. विल. हजबंड." त्यांनी पान थोडं लांब धरलं. "पॉयझन. टी. अलोन."

तेहतीस वर्षं वर्गात फळ्यावर शब्दांच्या याद्या लिहून देणारा मी, मला ती शब्दांची यादी दिसली नाही. मला कट दिसला. मृत्युपत्र, नवरा, विष, चहा! आणि चहा तर कडू येतच होता. आदल्या दिवशीच मी अर्धा कप खिडकीतल्या कुंडीत ओतला होता. आता अथणीचा भाऊसुद्धा कटात दिसायला लागला.

"खाली एक ओळ आहे," मी बोट दाखवलं. "प्रत्येक पानाखाली आहे. ती?"

मुजावरांनी ती ओळ मनातल्या मनात वाचली. त्यांच्या मिश्या हलल्या. "ती तपासाच्या कामाची न्हाई," म्हणाले आणि वही मिटली. "मास्तर, तुमची तक्रार काय हाय?"

"हीच. ती मला सोडून चाललीय. किंवा..."

"मग रीतसर जबाब घेऊ या."

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण त्यांनी फुलस्केप कागद आणले, खाली पुठ्ठा घेतला, पेन झटकलं आणि मोठ्यानं बोलत लिहायला लागले. "मी नामे सदानंद विष्णू देशिंगकर, वय त्रेसष्ट वर्षे, धंदा सेवानिवृत्त शिक्षक, राहणार ब्राह्मणपुरी, मिरज, समक्ष विचारलेवरून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी पत्नी नामे शरयू हिच्यासह राहणेस आहे." त्यांनी मान वर केली. "कधीपासून सुरू झालं हे?"

"फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी."

"त्याच्या आधी घरात काय घडलं?"

"काही नाही."

"काही न्हाई असं जबाबात नसतं. त्या आठवड्यात कोण आलं, कोण गेलं?"

मी आठवायला लागलो. "रविवारी आमच्या शाळेतले जोगळेकर सर आणि त्यांची बायको आली होती. चहाला. आमच्याबरोबर मालिका बघायला बसली."

"मग?"

"मग बघितली. शरयूनं खुनी ओळखला, नेहमीसारखा. मी चुकलो. जोगळेकर मला हसले. म्हणाले, इंग्रजीचे मास्तर तुम्ही की वहिनी?"

"तुम्ही काय म्हणालासा?"

मला ती गंमत आठवली आणि हसूच आलं. "मी म्हणालो, हिचं काय, हिच्यासाठी आवाज बंद केला, अक्षरं काढून टाकली तरी चालेल. गुराला पोथी ऐकवली काय आणि न ऐकवली काय."

मी हसत होतो. मुजावर लिहीत होते. त्यांचा हात सावकाश चालायचा.

"सगळे हसले?"

"सगळे."

"वहिनी?"

"हसली की तीही. मग आत गेली, शिरा आणायला."

"किती वेळानं आणला?"

असा प्रश्न आमच्या एकाही विलायती इन्स्पेक्टरनं कधी विचारला नव्हता. जोगळेकरांनी विलायतेतल्या घरांबद्दल बराच वेळ बोलणं लावलं होतं. सौ. जोगळेकर एकदा म्हणाल्या होत्या, मी आत जाऊन बघू का?

"बराच वेळ लागला," मी म्हणालो. "शिरा खालून करपला होता."

"तुमच्याकडचा शिरा करपतो काय?"

"कधीच नाही."

त्यांनी तेही लिहिलं. मग कागद उचलून, जसा पोलीस ठाण्यात वाचून दाखवतात तसा, एका सुरात सगळा जबाब वाचून दाखवला. स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून, आणि तेही सरकारी मराठीत ऐकणं ही वाईट शिक्षा आहे. "सदर वेळी मी पाहुण्यांसमक्ष माझे पत्नीस उद्देशून म्हणालो की, गुराला पोथी ऐकवली काय आणि न ऐकवली काय. त्यावर उपस्थित सर्व इसम हसले. माझी पत्नीही हसली. त्यानंतर ती आत गेली. तिने आणलेला शिरा करपलेला होता. त्यानंतर दोन दिवसांनी ती प्रथम घराबाहेर पडली."

त्या खोलीत कुणी हसलं नाही.

"माझा वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे," मुजावरांनी शेवटची ओळ वाचली आणि पेन माझ्यापुढं केलं. "बरोबर हाय?"

"बरोबर आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात त्यांची सून, तस्लीम, पाणी घेऊन आली. ती एका शाळेत शिक्षिका होती. टेबलावरची निळी वही बघून तिचा चेहरा खुलला. "अय्या, शरयूमावशींची वही इथं कशी? टीव्हीवरची अक्षरं जशीच्या तशी कागदावर उतरवून आणतात, सर. मी उच्चार आणि अर्थ सांगते, मग कानडीत लिहून घेतात. आमच्या बायकांच्या वर्गात सगळ्यात हुशार त्या." मग तिला सासऱ्यांचा चेहरा दिसला आणि ती गप्प झाली.

"मी वहिनींना शब्द दिला होता, सांगणार न्हाई म्हणून," मुजावर म्हणाले. "मी सांगितलेलं न्हाई. तुम्हीच लिहून दिलंय सगळं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि तोसुद्धा टोपी घालून. रिक्षावाला सांगत होता."

मी धावत घरी गेलो आणि ती यायच्या आत वही डब्याखाली ठेवली. चार वाजता तिनं चहा आणला. स्वयंपाकघरात जाऊन बघितलं तर चहाच्या डब्यामागं एक चिठ्ठी खोचलेली होती, तिच्यावर त्याच जिलब्या. शब्द पाठ करता करता चहा जास्त उकळत होता, एवढंच ते विष. मी बाहेर येऊन तो कडू चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

"आणखी देऊ?" तिनं विचारलं.

"दे," मी म्हणालो. त्या दिवशी बोलायचं होतं ते वेगळंच होतं. 'मी चुकलो' हे दोन शब्द. जिभेवर आले आणि दुसऱ्या कपाबरोबर खाली गेले. विलायती लोकांसारखे मीही ते गिळले.

एप्रिलमध्ये एका दुपारी, मी चित्र थांबवायला रिमोट उचलला आणि शरयू अचानक वाचायला लागली. बोट पुढं करून, एकेक शब्द. "देअर... इज... नो... टाइम." तोवर पडद्यावरची माणसं जिना उतरून, गाडीत बसून निघून गेली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. चेहरा दहावी पास झालेल्या मुलीसारखा. मी आश्चर्य दाखवलं. फार चांगलं दाखवता आलं नसावं.

त्यानंतर मी भाषांतरासाठी चित्र थांबवणं सोडलं. तिचं वाक्य वाचून होईपर्यंत थांबवायला लागलो. दीड तासाची गोष्ट चार दिवस चालायची. मेलेला माणूस सोमवारी पडायचा, पोलीस बुधवारी यायचे. एकाच गोष्टीचं मला वाईट वाटायचं. तिचं खुनी ओळखणं संपलं होतं. मी जो म्हणेन तोच ती म्हणायची, आणि आम्ही जोडीनं चुकायचो. मी मनाशी निष्कर्ष काढला की डोळे अक्षरांवर गेले आणि हातमोजे दिसायचे राहिले. माझ्या एका वाक्यानं बाईला इंग्रजी दिलं आणि तिची खरी विद्या काढून घेतली. हे ओझं कुणाला सांगणार?

मग मी एक काम केलं. रोज सकाळी फिरायला जातो म्हणून मुजावरांच्या ओसरीवर बसून कानडी मुळाक्षरं गिरवायला लागलो. चौसष्टाव्या वर्षी हवालदाराच्या हाताखाली विद्यार्थी! पहिले तीन महिने मला सगळी अक्षरं सारखीच दिसली. "मास्तर," मुजावर म्हणायचे, "तुमच्या वर्गातल्या ढ पोरांना तुम्ही काय म्हणायचा?" मी काय म्हणायचो ते मला आठवायचं आणि मी खाली मान घालून पुढचं अक्षर काढायचो.

जानेवारी आला, मटार आले. एका शुक्रवारी ती वर्गाला गेली तेव्हा मी तांदळाच्या डब्याखाली हात घातला. आता तिथं दोन वह्या होत्या. जुनी उघडली. प्रत्येक पानाखालची ती ओळ, जी तपासाच्या कामाची नव्हती, मी बोट ठेवून वाचली. अक्षरं कानडी होती, शब्द मराठी.

'खुनी डॉक्टर. सव्वाचार.'

पुढचं पान. 'खुनी पुतण्या. चार वीस.' पुढचं. 'खुनी धाकटी सून. चार दहा.'

मी दोन्ही वह्या संपवल्या. वर्षभरातली एकेक मालिका आठवली. सेक्रेटरी आम्ही म्हणालो होतो, खुनी डॉक्टर होता. कर्नल आम्ही म्हणालो होतो, खुनी पुतण्या होता. एकही ओळ चुकलेली नव्हती. वेळेसकट लिहून ठेवलं होतं बाईनं, पहिल्या पंधरावीस मिनिटांतच. आणि मग सोफ्यावर माझ्याशेजारी बसून, "मलाही सेक्रेटरीच वाटतोय."

मी वह्या जागेवर ठेवल्या आणि ती येईपर्यंत तिथंच स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिलो. मला रडू आलं होतं. हसूही येत होतं.

चार वाजता आम्ही बसलो. नवीन गोष्ट, जुनंच गाव, तळ्यात म्हातारी मरून पडलेली. काठावर तीन माणसं. शरयू मटार सोलत होती. मी चित्र थांबवलं.

"कोण वाटतं?" तिनं विचारलं.

मी रिमोट मांडीवर ठेवला. तिनं मटारांवरून नजर उचलली. माझा चेहरा बघितला, मग खाली, माझ्या हाताकडं.

"बाहीला पावडर लागलीय," ती म्हणाली.

डब्यांखाली झुरळं होऊ नयेत म्हणून ती बोरिक पावडर टाकायची. माझी उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत पांढरी होती.

"गेल्या मार्चमध्येही लागली होती," ती म्हणाली. "शनिवारी. मी बाजारातून आले तर तुम्ही तोच सदरा घालून बसला होता."

"म्हणजे तुला तेव्हापासून..."

"तेव्हा तुम्हाला वाचता येत नव्हतं. म्हणून जागा बदलली नाही." तिनं एक शेंग सोलली. "आता येतंय वाटतं."

"वाचता यायला महिना झाला. मुजावरांकडं शिकलो."

"कुठवर वाचलंत?"

"शेवटपर्यंत." मग मात्र मी थांबलो नाही. वर्षभर गिळलेलं एकदम बाहेर आलं. "शरयू, त्या दिवशी जोगळेकरांसमोर मी जे बोललो ते फार वाईट बोललो. मी चुकलो. पण तू हे असं का केलंस? उलट मला रोज हरवायचं होतंस."

ताटलीतले दाणे तिनं बोटानं एका बाजूला सारले.

"राग आला होता," ती म्हणाली. "फार आला होता. म्हणून तर वर्गाला गेले. पण कोण बोललं ते कळल्यावर का बोललं तेही बघावं लागतं ना? तुमचा इन्स्पेक्टर तेच करतो की. तुम्ही चारचौघांत हरला होता. रोज हरत होता. माणूस किती दिवस हरेल?"

तळ्याकाठची तीन माणसं तशीच थांबलेली होती.

"मग आता खरं सांग," शेवटी मी म्हणालो. "कोण?"

"सांगते. आधी तुम्ही सांगा." तिनं मटारांची ताटली आमच्या दोघांच्या मध्ये सरकवली. "चुकलं तरी चालेल."

मी नीट बघितलं. अक्षरांकडं नाही, माणसांकडं. त्यांचे हात बघितले, बूट बघितले, म्हातारीच्या ओल्या शालीकडं कोण बघतंय आणि कोण बघत नाही तेही बघितलं. मग एक शेंग उचलून सोलली आणि म्हणालो, "माळी."

शरयू इतकी हसली की दाणे सोफ्याखाली गेले.